सासऱ्यांचा संडास

आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या आजोबांना, तेही भरल्या बैठकीत, गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांसमोर, "तुम्ही सकाळी कुठे जाता?" असं विचारायचं कसं? नाही, सांगाच. किसुमू शहरातल्या कॉलेजात मी सार्वजनिक आरोग्य शिकले, जंतूंचं अख्खं खानदान मला तोंडपाठ, आणि पहिली नोकरी लागली कुठे? आमच्याच बुसिया जिल्ह्यात. त्यातलं पहिलं गाव कुठलं? आमचंच, बुलेमो! मी अजिआंबो मॅडमना म्हटलं, मॅडम, ज्या गावाने मला लहानपणी नागडं हिंडताना पाहिलंय ते सोडून एखादं गाव नाही का या जिल्ह्यात? तर आमच्या मॅडम, म्हणजे या स्वच्छतेच्या कार्यक्रमाच्या प्रमुख, ज्यांच्यामुळे सरहद्दीपर्यंतची गावंच्या गावं झुडपातून उठून संडासात गेली, त्या काय म्हणाल्या? काही नाही. मॅडम चहा पीत होत्या.

तुम्हाला सांगते, या बाईइतका चहा कोणी पीत नाही. साहेबांच्या कचेरीत पितात, चर्चच्या पायरीवर पितात, आणि ज्या घरच्या पाण्याने मी हातसुद्धा धुणार नाही त्या घरी तर हमखास दोनदा मागून पितात. मी डोळे वटारले की म्हणतात, अगं, उकळलेला असतो. पायात रबरी चपला, डोक्याला फडकं, आणि सगळ्या जिल्ह्याला वाटतं की या आपल्याच कुठल्यातरी चुलत मावशी.

आणि त्यांच्या कार्यक्रमाचा पहिला नियम माहितीय काय? शिकवायचं नाही. हो, हो, बरोबर ऐकलंत, शिकवायचं नाही! इतकी वर्षं शिकून आलेल्या मुलीला सांगतात, तोंड बंद ठेवायचं आणि फक्त विचारायचं. गावाला घेऊन गाव जिथे जातं तिथे जायचं, नाक न दाबता उभं राहायचं, आणि विचारायचं, पाऊस आला की हे जातं कुठे? मग अंगणात राखेने गावाचा नकाशा काढायला लावायचा, घरं इथे, झरा इथे, आणि झुडपं इथे. मग गप्प बसायचं. लोक आपापसात भांडतात, लाजतात, कोणीतरी ओकतं, आणि चार दिवसांनी जाऊन बघावं तर खड्डे खणायला सुरुवात! एकही पोस्टर नाही. माझ्या पिशवीत पोस्टरची गुंडाळी होती, जंतू हसतानाचं चित्र असलेली. ती मॅडमनी एका आजीला कोंबड्यांच्या खुराड्यावर लावायला देऊन टाकली.

बरं, बुलेमोतही तसंच झालं. घरोघरी संडास उभे राहिले, बाहेर पाण्याचा डबा टांगलेला, पायाने काठी दाबली की पाणी हातावर, शेजारी साबणाचा तुकडा दोरीला बांधलेला. सगळं गाव झालं. उरले कोण? आमचे आजोबा. कुका एगेसा!

आता ऐका, कुकांचा संडासाला विरोध होता असं समजू नका. आमच्या संडासाचे पत्रे त्यांनीच आणले. आल्यागेल्याला दार उघडून दाखवायचे, बघा कसा थंडगार आहे. मी जंतूंचं सांगितलं, म्हणाले अगदी बरोबर. माशीचं सांगितलं, म्हणाले कॉलेजात चांगलं शिकवतात हो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर कुदळ टाकून निघाले उसाकडे! ऊस कुठे? चढावर. आणि चढाखाली काय? झरा. सगळं गाव पाणी भरतं तो झरा.

याच झऱ्याचं पाणी पिऊन मागच्या पावसात माझ्या भावाचा मुलगा, आमचा जेरेमाया, हगवणीने असा सुकला होता की दवाखान्यात त्याच्या हाताला शीर सापडेना. वाचला. पण आता मोठा पाऊस पुन्हा तोंडावर आलेला. तो पडायच्या आत चढ साफ झाला नाही तर पाणी काय, कोणाचीच वाट बघत नाही. मला झोप लागत नव्हती. आणि मॅडम? आमच्या आईच्या हातचा चहा पीत होत्या.

कुका आमच्या संडासात का जात नाहीत हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? पुरेपूर माहीत होतं! आमच्याकडे सून जिथे बसते तिथे सासरा बसत नाही. समोरून आई आली तर कुका एवढ्या वयाचे, गुडघे धरून धरून चालणारे, तरी वाट सोडून झुडपात शिरतात. आईही तोंड फिरवून उभी राहते. एका घरात इतकी वर्षं काढली, पण एकमेकांचा चेहरा नीट पाहिलेला नसेल. मग सून ज्या दारातून बाहेर आली त्याच दारातून सासऱ्याने आत शिरायचं? छे. मी म्हटलं, मोडा ही रीत, कुठल्या जमान्यात आहोत आपण? आई म्हणाली, "तू मोड. मी तोवर उसात जाते, त्यांना संडास मिळू दे." घ्या! म्हणजे एकाला आत घालावं तर दुसरी बाहेर.

भाऊ म्हणाला, मी दुसरा खड्डा खणतो, फक्त कुकांसाठी. सोपं आहे की नाही? तो फावडं घेऊन अंगणात उतरला मात्र, कुका खुर्चीतून उठून उभे. "मी जिवंत असताना माझी पोरं माझ्यासाठी माझ्या अंगणात खड्डा खणणार? घाई आहे का कुणाला?" झालं. आमच्याकडे माणसाला पुरतात ते घरच्याच अंगणात! भावाने फावडं असं टाकलं की जणू त्याला विंचू चावला. 

मी मॅडमकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. सासऱ्याला संडास नको, नातवाचा खड्डा नको, सुनेची जागा नको, या म्हाताऱ्यांना नेमकं हवंय काय? आणि मॅडम... पीतच होत्या चहा. कप खाली ठेवून एवढंच म्हणाल्या की म्हातारे दुपारी बुसा प्यायला कुठे बसतात?

बुसा आमच्याकडे मोठ्या अंजिराखाली चालते. मध्ये मक्याच्या या गरम दारूचं मडकं, भोवती म्हातारे, प्रत्येकाच्या तोंडात हातभर लांब नळी, मडक्यात बुडवलेली. सुनांना तिकडे फिरकायची बंदी. मॅडम जाऊन मध्ये बसल्या, नळी नको म्हणाल्या, किटलीतून चहा मागवला. म्हातारे खूश. मी मागे उभी, तोंडात भाषण तयार, पहिलं वाक्य जिभेवर. मॅडमनी मान न वळवता मला सांगितलं, "तू त्यांची नात आहेस ना? मग नातीसारखं बोल."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की या बाईने मला माझ्याच गावात का आणलं! आमच्याकडे नातीने आजोबांची कितीही थट्टा केली तरी चालते, उलट नाही केली तर त्यांना राग येतो. कुका मला लहानपणापासून बायको म्हणून हाक मारतात. मुलगा विचारू शकत नाही, सून तर नाहीच नाही, सरकारी माणूसही नाही. एक नातच ती काय विचारू शकते. आणि ती नात इतके दिवस काय करत होती? जंतूंवर भाषण देत होती.

मी पुढे झाले, कंबरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "अहो कुका, तुमची ही बायको विचारतेय. रोज सकाळी कुदळ घेऊन कुठल्या शेतात जाता? उसाचं एक कांडं आजवर घरी आलं नाही."

म्हातारे असे हसले की तोंडातल्या नळ्या मडक्यात पडल्या. कुकाही हसले, डोळे पुसत म्हणाले, बायको फार संशयी आहे हो माझी. मग शेजारचे ओक्वारो आजोबा हळूच म्हणाले की त्यांचंही तेच शेत आहे. पलीकडचे म्हणाले, आमचंही. बघता बघता कळलं की त्या मडक्याभोवतीचा एकूण एक म्हातारा घरी पत्र्याचा संडास असून सुनेच्या लाजेने चढावर जातो! आणि आम्ही समजत होतो, उरलेत एकटे कुका.

मॅडमनी काय केलं असेल? म्हणाल्या, शेत दाखवा ना. सगळे लटपटत चढावर गेले. तिथे मॅडमनी किटली कुकांच्या हातात दिली, कोमट पाण्याची, चहाची नव्हे, आणि म्हणाल्या, पाऊस पाडा. कुकांनी पाणी ओतलं. ते पाणी पानांखालून निघालं, वाटेला लागलं, दोन दगडांमधून घसरलं आणि थेट झऱ्याच्या तोंडाशी जाऊन थांबलं. तिथे माझी वहिनी घडा भरत होती, जेरेमायाला पाठीशी बांधून.

कुकांनी किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "बाई, म्हणजे त्याला मीच पाजलं?"

 माझ्या जिभेवर अख्खं भाषण होतं आणि ते मी गिळलं, आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवशी मॅडमचा चहा तसाच गार झाला.

पुढचं सगळं म्हाताऱ्यांनीच ठरवलं. घरच्या पोरांनी खणलेला खड्डा अशुभ ना? मग पोरांनी हात लावायचा नाही. ओक्वारोंनी कुकांसाठी खणायचं, कुकांनी ओक्वारोंसाठी, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांसाठी, अंजिरामागे, जिथे सून फिरकत नाही. काय खणलं म्हणता! चार घाव घालायचे, बसायचं, भांडायचं, कुणाचा घाव तिरका यावर पैजा लावायच्या. मी मदतीला गेले तर हाकलून दिलं, म्हणे बायकांचं काम नाही. पण पहिला मोठा पाऊस कोसळला तेव्हा सासऱ्यांचा संडास उभा होता. बाहेर बसायला बाक, डबा टांगलेला, आणि कुका तिथे उभे राहून प्रत्येकाचे हात बघायचे, ओक्वारो, पुन्हा धू. चढावर गवत उगवलं. झऱ्याचं पाणी गढूळ झालं, पण त्या पावसात जेरेमाया एकदाही दवाखान्यात गेला नाही. आणि या सगळ्यात मॅडमनी कोणालाही एकदासुद्धा "संडास बांधा" म्हटलेलं नाही. मी शपथेवर सांगते. मी कान लावून बसले होते.

मग झेंडा लावायचा दिवस आला. गाव उघड्यावर जात नाही याचा झेंडा. ढोल, बोकड, पाहुणे, कुकांचं भाषण, सगळं झालं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात आमची आजी उठली. कुखू. सभेत कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, सासऱ्यांचं झालं, सासवांचं काय? जावई घरी आला की सासूने त्याच्या नजरेला पडायचं नाही. मग तो जाईपर्यंत तिने पोट धरून बसायचं का? सगळ्या म्हाताऱ्या बायका एकदम हो हो करायला लागल्या.

मी म्हटलं, कुखू, आपल्या घरी जावई आहे कुठे?

कुखूने माझ्याकडे पाहिलं. आईने पाहिलं. मग एकेक करून सगळ्या गावाने पाहिलं. आणि मॅडम, नियमाप्रमाणे, काही न शिकवता फक्त विचारत्या झाल्या, "मग जावयाचा संडास कधीपर्यंत लागेल?"

तर आता तुम्हाला काय सांगू... आमच्या अंगणाच्या टोकाला माझ्या नवऱ्यासाठी नवाकोरा संडास तयार आहे. वर पत्रा, दाराला कडी, टांगलेला डबा, नवा साबण. नवरा तेवढा मिळायचा राहिलाय, आणि तो शोधायला गावाने समिती नेमली आहे. अध्यक्ष, कुका एगेसा.