माझ्या पाळीतले दिवस

सगळ्यांना जयभीम. विहारात मिलिंदसाठी वंदना झाली, त्याच्या शाळेतले सर बोलले, आता मला उभं केलंय. मी संतोष, दिंडोशीला राहतो. मला सभेत बोलता येत नाही. आणि आज जे बोलायचंय ते न बोललेलं बरं, असंही वाटतंय. पण सविता वहिनी, तुम्ही समोर बसलाय. आता पळता येणार नाही.

मघाशी कोणीतरी विचारलं, तुम्ही आणि मिलिंद एकत्र कामाला होतात का? हो आणि नाही. अकरा वर्षं आम्ही दोघांत मिळून एक नोकरी केली. राजस्थानच्या वाळवंटात तेल शोधायची. अठ्ठावीस दिवस तो, अठ्ठावीस दिवस मी. केबिन एक, खाट एक, चहाचा मग पण एकच. तो आला की मी घरी, मी गेलो की तो घरी. भेट फक्त बदलीच्या वेळी, अर्धा तास. अकरा वर्षांची दोस्ती, आणि सगळी अशी अर्ध्या अर्ध्या तासाची.

काम काय? यंत्र जमिनीत भोक पाडत जातं, चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, भिंगाखाली बघायचा, मग अंधाऱ्या खोक्यात जांभळ्या दिव्याखाली धरायचा. तेलाचा अंश असेल तर पिवळा चमकतो. आमच्याकडे कधी चमकायचा नाही. त्या पट्ट्यात विहिरीच मुळात बोटांवर मोजण्याएवढ्या पाडल्यात. मी म्हणायचो, सोड ना यार, काय नाय इथे. तो म्हणायचा, "नाय म्हणायला आधी कोणी नीट बघितलंय का रे?"

आता तिथला नियम ऐका. बदली आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. पुढचा माणूस आला नाही की तुम्ही अडकलात. चहूकडे वाळू, कुंपणाला एक गेट, आणि त्या गेटातून तुम्ही कधी बाहेर पडणार ते दुसऱ्याच्या हातात. शेवटच्या आठवड्यात माणूस सारखा रस्त्याकडे बघतो. मीही बघितलंय, त्यानेही बघितलंय. म्हणून जीपमधून उतरल्या उतरल्या येणारा पहिलं वाक्य एकच बोलायचा, "आलो रे. निघ तू."

गेल्या महिन्यात माझी पाळी होती. मी गेलो नाही.

मी त्याला फोन केला. म्हटलं, "मिल्या, ताप आलाय रे. चार दिवस काढशील?" तो म्हणाला, "काढतो. झोप तू." एवढंच.

वहिनी, मला ताप नव्हता. नवीन घराचा ताबा मिळाला होता, वास्तुशांती होती. खरं सांगितलं असतं तरी तो थांबला असता, हे मला माहीत होतं. पण दिवाळीतही त्यालाच थांबवलं होतं. परत मागायला तोंड नव्हतं. म्हणून खोटं बोललो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुरा धुताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. तिथून हॉस्पिटल अडीच तासांवर. इथे विक्रोळीत असता तर? रिक्षाने दहा मिनिटं. लोक म्हणतात, ज्याची त्याची वेळ असते. असेल. पण ते दिवस माझे होते.

त्या नवीन घरात मला बसवत नाही. आई विचारते, "असो कित्याक बसलंस रे?" मी चपला घालतो आणि खाली उतरतो.

आमच्यात जाणारा माणूस येणाऱ्यासाठी वहीत लिहून ठेवतो. किती खोल गेलो, दगड कुठला, लक्ष कशावर ठेवायचं. मिलिंद रोज थोडं थोडं लिहायचा. मी नंतर तिथे गेलो आणि वही उघडली. त्या सकाळचं वाचतो.

"संत्या, आज पिवळं दिसतंय. आधी वाटलं पाइपचं ग्रीस, ते पण चमकतं ना. दोनदा धुतलं, तरी आहे. तू पण बघ. आणि येताना वास्तुशांतीचे पेढे आण. फोनवर मागे भटजी नारळ किती ते सांगत होते, मला पण ऐकू आलं."

त्याला माहीत होतं. फोनवरच कळलं होतं. तरी म्हणाला, झोप तू.

तो चुरा मी धुऊन बघितला. चमकतो. तेल किती, काढण्याएवढं आहे का, ते अजून कोणालाच माहीत नाही. पण पहिल्यांदा कोणी बघितलं, तिथे रिपोर्टात मी त्याचं नाव लिहिलंय.

वहिनी, मला माफ करा असं म्हणायचाही हक्क मला नाही. पेढे आणायची हिंमत झाली नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून बोललो. खूप शरम वाटते.

आता सगळे उभे राहूया, दोन मिनिटं गप्प राहूया. त्याआधी मला एक वाक्य बोलू द्या. तीन दिवस तो ते ऐकायला रस्त्याकडे बघत होता.

मिलिंद, आलो रे. निघ तू.