एका शब्दापायी वावरात

...अन् तीन दिवस, तुम्हाले सांगतो, तीन दिवस माही पोट्टी एका शब्दापाशी अडून बसली! धड जेवण नाई, बोलणं नाई. आता सलोनी माही काही अडाणी नाई, नागपूरले पाच वर्षं फ्रेंच शिकली, अख्ख्या राळेगावात फ्रेंच येणारी ती एकटीच, म्हंजे चुकली तरी धरणार कोण? पण नाई. एका शब्दापायी, बाप्पा!

काम काय, तं आपल्या इकडच्या कापसाची माहिती इंग्रजीतून फ्रेंचात करायची. दोन पानं. नमुन्याचं काम होतं, पसंत पडलं तं घरी बसून बारमाही काम, नाई पडलं तं चालली पोट्टी पुण्याले नोकरी पाहायले. तिच्या मायले ते नको होतं, मलेबी, पण बापानं सांगायचं असते का? तं इंग्रजीत लिहिलं होतं हार्वेस्ट. मी म्हटलं, सोपं आहे, पीक काढणं, लिही अन् मोकळी हो. तं म्हणे, "बाबा, फ्रेंचात दोन शब्द आहेत. रेकोल्त म्हंजे कोणतंबी पीक काढणं, मशीननं काढा का कशानं. अन् केयेत म्हंजे हातानं एकेक तोडून घेणं, फुलं तोडतो तसं. इंग्रजीवाल्यानं सांगतलंच नाई कोणतं." हे काम देणारे तिचे स्वानंद सर पुण्याहून फोनवर, "अगं, पहिला टाक आणि पाठव, कोण बघतंय?" हिनं ऐकून घेतलं, फोन ठेवला अन् मले म्हणे, "बाबा, वावरात चला. वेचून दाखवा."

मले! तीस वर्षांपासून कापूस पिकवून राह्यलो मी, पण वेचते कोण? बाया. मी धुऱ्यावर उभा राहून "बरोबर वेचा व" म्हणणारा माणूस. आता पोट्टीसमोर हे कबूल कसं करता? गेलो पऱ्हाटीत, बोंडाले हात घातला, ओढलं, तं कापूस, पाला, अर्धी फांदी, सगळंच हाती आलं. बोंडाचं टोक बोटात रुतलं ते वेगळं. मांगून तिची माय, कोकिळा, "अवो, वेचून राह्यले का उपटून राह्यले?" अन् झाली पुढं. पाच बोटं अशी बोंडावर टेकवली, अन् कापूस पुरा हातात, पाल्याचा कण नाई. एक बोंड, दुसरं, तिसरं... सलोनी पाहतच राह्यली. "बाबा, हाच. दुसरा शब्द." तीस वर्षांत, खरं सांगतो, त्या हाताकडं मीबी असं कधी पाह्यलं नव्हतं. एका शब्दापायी पाह्यलं.

त्याच राती तिनं काम पाठवलं, अन् चौथ्या दिवशी स्वानंद सरांचा फोन, आवाज पार नरम. ज्या फ्रान्सच्या कंपनीचं काम, तिथली बाई विचारते म्हणे, हे लिहिलं कोणी, यानं कापूस हातात घेतलेला दिसतो. बारमाही काम पक्कं! मी एसटी स्टँडवर उभ्या उभ्या अकरा जणांले सांगतलं, त्यातले दोघं तं ओळखीचेबी नव्हते.

पण आता घरात मायलेकीले कोणताच शब्द असातसा चालत नाई. काल जेवता जेवता म्हटलं, भाजी बरी झाली. कोकिळा थांबली. "बरी म्हंजे? चांगली, का चालते, का पोटात ढकलून राह्यले? नेमकं सांगा." सलोनी गालात हसून राह्यली. तेव्हापासून मी अगोदर शब्द धुंडतो, मग घास घेतो... अन् एका शब्दापायी रोज माही भाकर थंडी होते, बाप्पा.