दोरा आणि सुळा

डॉक्टरीणबाई : अजून थोडा आ करा. परवा मुळातली नळी साफ करून आत औषध ठेवलं, वरून कच्चं सिमेंट लावलं. ते कुठं गेलं?

शिंपी : गेलं असेल पोटात.

बायको : अहो, धड सांगा की. सकाळपासून गाल धरून बसलेत, बाई.

डॉक्टरीणबाई : औषधानं ठणका कमी झाला होता ना?

शिंपी : कमी? गेलाच होता. रात्रभर डाराडूर झोपलो.

डॉक्टरीणबाई : मग कडक काही चावलंत?

शिंपी : छे. सगळं पातळसातळ.

बायको : आणि दोरा?

शिंपी : दोरा काय चावतात? तोडतात.

डॉक्टरीणबाई : याच सुळ्यानं?

शिंपी : तोच धारेचा. दोन्ही हात कापडावर, कात्री कुठं शोधत बसू?

बायको : दुखत होतं तोवर दोऱ्याला तोंड लावलं नाही. दुखणं गेलं, त्याबरोबर शहाणपणही गेलं.

डॉक्टरीणबाई : लाळ आत शिरली, औषध धुऊन गेलं. पुन्हा साफ करून भरते, म्हणजे ठणका उतरेल. पण पक्कं भरेपर्यंत हे टिकायला हवं. पुन्हा निघालं आणि आत पू झाला, तर दात वाचेलच असं नाही.

शिंपी : समोरचा दात, बाई. तोंडावर हात धरून मापं घेऊ?

डॉक्टरीणबाई : मग कात्री वापरा.

शिंपी : वापरीन.

बायको : नाही वापरणार. यांची मान आपोआप खाली जाते.

डॉक्टरीणबाई : पूर्वी तुम्ही बसायचात ना दुकानात?

बायको : बसायचे. काजं-बटणं करायचे, दोरे कापायचे. एकदा हे गिऱ्हाइकासमोर म्हणाले, हिला कापायला दिलं की दोऱ्याला शेपूट राहतं. तेव्हा मी उठले ती उठलेच.

शिंपी : आं... अं...

डॉक्टरीणबाई : बोलू नका, तोंडात कापूस आहे.

बायको : राहू द्या कापूस. आयुष्यात पहिल्यांदाच माझं पुरतं ऐकून घेतायत.

(काम संपतं. शिंपी चूळ भरतो.)

शिंपी : राहिलं तर राहू दे.

बायको : काय?

शिंपी : शेपूट. उद्यापासून मी शिवतो, तू काप.

बायको : दात पक्का होईपर्यंत ना? मग पुढं?

शिंपी : पुढंही कात्री तुझ्याकडेच असू दे.