टुमी सरांची चावी

मी, श्रीमती ग्रॉनिया फिंटन टुमी, वय ५८, धंदा दूध संघात हिशेबनीस, राहणार चॅपल रोड, बॅलिनराह, काउंटी क्लेअर, आज पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

माझे पती फिंटन टुमी येथील माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवत. ते मार्चमध्ये वारले. शाळेला अद्याप दुसरा शिक्षक मिळालेला नाही. शालान्त परीक्षा जूनमध्ये आहे.

अंत्यविधीला त्यांचा वर्ग गणवेशात चर्चच्या दाराशी दुतर्फा उभा होता. त्यातील सायव्ह लिनान हिने मला विचारले, “मिसेस टुमी, आता आम्हाला प्रश्न कोण विचारणार?” मी सांगितले, शनिवारी घरी या.

मी रसायनशास्त्र शिकलेली नाही. परंतु परीक्षेत तेच प्रश्न फिरून येतात. संध्याकाळी हे बटाटे सोलत आणि मी जुन्या प्रश्नपत्रिका वाचून दाखवत असे. मुले कुठे चुकतील ते हे सांगत. त्यामुळे उत्तरे मला पाठ आहेत.

प्रयोग मात्र स्वयंपाकघरात होत नाहीत. म्हणून आज सकाळी यांच्या चावीने शाळेची प्रयोगशाळा उघडली. कुलूप तोडलेले नाही. मी मुलांना विचारले, ब्युरेट आत भरायच्या द्रावणाने विसळतात, मग शंकुपात्र नुसत्या पाण्यानेच का? कोलम म्हणाला, “स्वच्छ व्हायला.” सायव्ह म्हणाली, “भांडी घासायला आलास का रे?” हे वाक्य यांचे आहे. मुले हसली. मी थोडा वेळ खिडकीपाशी उभी होते.

तेवढ्यात शाळेच्या मैदानावर हर्लिंग या खेळाच्या सामन्यासाठी आलेले मुख्याध्यापक श्री. क्वर्क आत आले. ते म्हणाले, “ग्रॉनिया, इथं काही झालं तर जबाबदार कोण?” मी म्हणाले, “आणि परीक्षेत काही झालं तर?” त्यांनी पोलिसांना फोन केला.

पोलीस शिपाई ओरन हेशन यांनी मागितल्यावरून चावी टेबलावर ठेवली आहे. ती ठेवून घेतली तरी पुढच्या शनिवारी मी शाळेच्या पायऱ्यांवर वर्ग घेणार आहे. नवा शिक्षक आला की घरी बसेन.

हा जबाब हेशन यांनी मला वाचून दाखवला. शंकुपात्रही द्रावणाने विसळतात असे त्यांनी लिहिले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. तेही पूर्वी यांच्याच वर्गात होते. पात्रात आधीच्या द्रावणाचा थेंब राहिला तर तोही मोजला जातो, हे कारण मग त्यांनी स्वतः सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे. हेशन यांनी परत दिल्यावरून चावी माझ्याकडे आहे.