केरूचे भुईनळे

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'गुणाजी, भुवया कुठं गेल्या?' कुठं गेल्या म्हणजे? गावाला गेल्यात, येतील परत! अहो, तुम्हाला सांगतो, मी नको म्हटलं होतं. पहिल्या दिवसापासनं नको म्हटलं होतं. पण आमचा साडू ऐकेल तर ना!

साडू म्हणजे केरू. तो खांब गावात राहतो, मी अष्टमी गावात. त्याच्या चंद्रावतीचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं, आणि ह्याच्या डोक्यात काय शिरलं, तर वरातीतले भुईनळे घरीच बनवायचे! का? तर 'दुकानातले फुसके निघतात, साडू. आपण वीस वर्षं कंपनीत काढली, आपल्याला केमिकल कळतं.' केमिकल! अहो, हा पॅकिंगला होता! खोक्यांना पट्ट्या मारायचा! आत काय हाय ते खोक्यावर वाचूनसुद्धा ह्याला कळायचं नाय...

मी नको म्हटलं. आणि नको म्हणत म्हणत त्याच्या अंगणात जाऊन बसलो, कारण आमची शांती म्हणाली, 'माझ्या भनीचा नवरा हाय, तुम्ही जवळ असलात म्हंजे वेडंवाकडं करणार नाय.' घ्या!

सकाळचे दहा वाजलेले. केरूनं गोणपाट पसरलेलं, त्यावर तीन पुड्या. कशाच्या रे? तर म्हणतो, 'एक पांढरी, एक काळी, एक चंदेरी.' लुगडी दाखवतोय जणू! त्याची बायको ठमाबाई दारातनं ओरडतेय, 'अवो, माणसं राहतात हितं, टाका ते लांब!' तर हा, 'तू भात बघ गो, तुला यातलं कळत नाय.' आणि सगळं एकत्र केलं नि दगडी खलात कुटायला लागला. ठण्, ठण्, ठण्... मिरच्या कुटाव्यात तसं! मी म्हटलं, 'केरू, नको. दगडावर दगड आपटतोयस, ठिणगी पडंल.' तर म्हणतो, 'ते सूप द्या हो इकडं.' आणि तुम्हाला सांगतो, मी उचललं! नको म्हणत उचललं!

ते सूप तोंडापुढं होतं म्हणून आज तुमच्याकडं बघतोय. भुवया तेवढ्या सुपाच्या वर राहिल्या...

धाडकन् नाय हो झालं. नुसतं 'भस्स!' डोळ्यांपुढं पांढरं, आणि मग एकदम गप्प. धूर हटला तर केरू तसाच बसलेला, दोन्ही हात पुढं धरून. त्या हातांचं नाय सांगत. ठमाबाई धावत आली. बादली आणली, त्याचे हात पाण्यात धरून ठेवले. मी रस्त्यावर पळालो, टेम्पो थांबवला, रोह्याला नेलं.

डॉक्टर म्हणाले, 'बोटं राहिली, डोळे राहिले. पेंढ्याची उडवी जवळ असती तर घरसुद्धा राहिलं नसतं.' केरूनं सगळं ऐकून घेतलं. एकदासुद्धा 'आई गं' म्हटलं नाय. कोपरापर्यंत पट्ट्या बांधून झाल्या तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाला, 'साडू, कन्यादानाला तुम्ही नि शांती बसा. मला पोरीचा हात धरता यायचा नाय.'

मी नको म्हटलं. बापाचं काम हाय ते, मी कोण? तर रडायला लागला हो! पन्नाशीचा माणूस, डोळे पुसायला हात नाय. मीच पुसले माझ्या उपरण्यानं.

बसलो मग. बिनभुवयांचा मावसा कन्यादानाला, मांडवात निम्मी माणसं नवरीला सोडून माझ्याकडंच बघतायत! पण चंद्रावतीनं काय करावं? हात पुढं करण्याआधी उठली, बापाजवळ गेली, त्या पट्ट्यांवर डोकं टेकवलं, आणि मग येऊन बसली. त्या वेळेला मला वाटलं, चला, माणूस शहाणा झाला.

संध्याकाळी वरात निघाली. मुलाकडच्यांनी पेणहून दुकानातले भुईनळे आणलेले. एकेक लावला, छान उडाले, बायापोरं खूश. केरू माझ्या शेजारी खुर्चीवर, पट्ट्या मांडीवर ठेवून, मान वर करून बघतोय... आणि हळूच माझ्या कानाशी म्हणतो, 'आपले याच्या दुप्पट गेले असते, साडू.'

मी नको म्हटलं. त्याला अजून दोन मुली हायत लग्नाच्या.