शेजारच्या सीटवरचा माणूस

किरकोळ म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, माझ्या पोटाला भोकं पाडणार, त्यातून दुर्बीण आत घालणार, पित्ताची पिशवी खड्यांसकट ओढून बाहेर काढणार, आणि वर मलाच समजावणार, काका, अगदी किरकोळ ऑपरेशन आहे... अहो, किरकोळ रजा मला ठाऊक आहे. ती घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर परत येतो. इथे तेवढी खात्री कोण देतंय? सही मात्र आधी घेतात.

आणि एक डॉक्टर म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण आमचा मेहुणा! "दाजी, काही नसतं हो. आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी मीटिंग घेतली." घेतली असेल, त्यांच्या मीटिंगला शुद्धीत असावं लागतं असं कुणी सांगितलंय? मग शेजारच्या वहिनी आल्या. "भाऊजी, घाबरताय काय? आमच्या नणंदेचं हेच झालं, तिला कळलंसुद्धा नाही." मला जरा धीर आला. म्हटलं, आता कशा आहेत त्या? तर म्हणाल्या, "ती ना... ती गेली हो. पण ते वेगळ्याच कारणानं. हे किरकोळच होतं."

आता माझा धंदा सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी भीती कळायची नाही. मी गाडी शिकवतो. म्हणजे आयुष्यभर मी चालवणाऱ्याच्या शेजारी बसलोय. आमच्या शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो, तो माझा. शिकणारा भिंतीकडे निघाला, म्हशीकडे निघाला, एकदा तर एक प्राध्यापक सरळ न्हाव्याच्या दुकानात निघाले होते, की माझा पाय आपोआप दाबला जातो. आता सवयच झालीय पायाला. बसमध्ये बसलो तरी दाबतो. घरात ही गरम पातेलं घेऊन वळली तरी मी खुर्चीत बसून फरशी दाबतो. त्यामुळे कापाकापीचं मला फारसं काही नाही. कापा बापडे. पण भूल? भूल म्हणजे काय, तर गाडी चालू, वेग किती ते माहीत नाही, चालवणारा दुसराच, आणि माझे डोळे बंद. अशा गाडीत मी कधी बसलोय का?

तरी गेलो. पोट इतकं दुखायचं की रात्री उकिडवा बसून राहायचो. डॉक्टर म्हणाले, अजून लांबवलंत तर पिशवी आतच फुटेल, मग मात्र किरकोळ राहणार नाही. म्हणजे बघा, धमकी द्यायची झाली तरी शब्द तोच!

सकाळी तो झगा दिला. पुढून अब्रूदार, मागे नुसत्या नाड्या. मी देवाचं नाव घेत पलंगावर बसलोय, तेवढ्यात भूल देणारी डॉक्टर तपासायला आली. नाडी बघितली, जीभ बघितली, आणि तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणते कशी, "सर, ओळखलंत का मला?"

तुम्हाला सांगतो, लगेच ओळखलं. अहो, माझी विद्यार्थिनी! आणि विद्यार्थिनी म्हणजे कशी... हुशार असेल, डॉक्टरकीला असेल, पण क्लच सोडायचा म्हटलं की हिचा पाय एकदम उडायचा. गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद. पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागे रांग लागायची, लोक शिव्या द्यायचे, त्या मला, आणि ही बाई मला विचारायची, "सर, असं का होतं?" शेवटी मी तिला हात जोडून म्हटलं होतं, बाई गं, तू रिक्षानं जात जा. आणि आता तीच मला हळूहळू गुंगीत नेणार आणि हळूहळू परत आणणार! गाडी बंद पडली तर किल्ली फिरवता येते हो. मला कुठून फिरवणार?

चाकाच्या खाटेवर घातलं मला. वॉर्डातले मामा मागून ढकलतायत, मी पाठीवर, वरचे दिवे एकामागून एक मागे जातायत, आणि समोरून दुसरी खाट येतेय. मामांनी वळणावर वेग कमी केला नाही. माझा पाय दाबला गेला. चादरीत काय दाबणार? मी ओरडलो, "अहो, हॉर्न द्या!" मामा थांबले, म्हणाले, "काय झालं, काका?" मी म्हटलं, जरा लघवीला. उतरलो. आणि त्या तसल्या झग्यात, दोन्ही हात मागे धरून, जणू विचार करत फिरतोय असा चेहरा करून जो निघालो, तो जिना उतरून थेट खाली, गाड्या लावतात तिथे. सकाळी मीच आणून लावलेल्या आमच्या शिकवायच्या गाडीच्या डाव्या दाराचं कुलूप कधीचं बिघडलेलं. आत शिरलो आणि बसलो. कुठे? शेजारच्या सीटवर. पाय ब्रेकवर ठेवला तेव्हा कुठे श्वास आला. गाडी बंद होती, ती गोष्ट वेगळी.

शेजारच्या गाडीतून एक कुटुंब उतरत होतं. त्यांनी बघितलं, मी हसून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

थोड्या वेळानं ही आली. हिला कुणी सांगावं लागलं नाही. किल्ली हिच्याकडेच होती. पलीकडून दार उघडलं आणि स्टिअरिंगसमोर बसली. इतकी वर्षं लग्नाला झाली, पण त्या सीटवर ही कधी बसली नव्हती. हिची जागा मागे, पिशव्यांबरोबर.

मीच सुरुवात केली. "अगं, ती पोरगी... तिला क्लच सोडता येत नाही."

"तुमच्या पोटात क्लच आहे का?"

"चेष्टा नको करूस. मला जागच आली नाही तर?"

निघालं एकदाचं तोंडातून. इतके दिवस मेहुण्यापाशी, डॉक्टरपाशी जीभ उचलली नव्हती. मला वाटलं, आता म्हणणार, असं अभद्र बोलू नये. पण ही म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी घरातून निघता आणि ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसता. एक उतरला की दुसरा. मी घरी. तुम्हाला यायला उशीर झाला की मी काय दाबायचं?"

मी हिच्याकडे वळून बघितलं.

"मग हे कधी बोलली नाहीस ते?"

"बोलून काय उपयोग? मागे ट्रकनं दार चेपलं, तेव्हा विचारलं होतं ना मी? तुम्ही काय म्हणालात? काही नाही गं, किरकोळ आहे."

म्हणालो होतो हो. अगदी असंच, चपला काढता काढता. आणि पुढे विचारलं होतं, जेवायला काय आहे?

तुम्हाला खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. आमच्या घरात भित्रा कोण, तर मी, आणि ही आपली निवांत, असं मी धरून चाललो होतो. ही रोज भीत होती आणि रोज पोळ्या लाटत होती. मला रडू आलं. त्या झग्याला खिसासुद्धा नसतो. हिनं आपला रुमाल दिला आणि म्हणाली, "चला आता. ते मामा बिचारे सगळ्या संडासांची दारं वाजवतायत."

परत गेलो. म्हणजे मी पुढे, आणि ही मागून झग्याच्या नाड्या धरून. लोकांना वाटलं असेल, बाई बैल घेऊन चाललीय.

आतल्या खोलीत ती डॉक्टर वाट बघतच होती. रागावली नाही. "आलात, सर?" एवढंच.

मी म्हटलं, "एक विचारू? एकदा भूल दिलीस की तू कुठे जातेस?" अहो, मला कायम वाटायचं, हे लोक सुई टोचतात आणि चहाला जातात.

"कुठे जाणार? इथेच. तुमच्या डोक्याशी."

"किती वेळ?"

"तुम्ही जागे होईपर्यंत. तुमचा श्वास, ठोके, सगळं बघत. मला उठता येत नाही, सर."

"आणि फोन आला तर?"

"सर, घाबरलायत का?"

मी म्हटलं, "हो." आयुष्यात पहिल्यांदा शिकाऊ माणसाला हे कबूल केलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "मीही घाबरायचे तुमच्या गाडीत. आता मोठा श्वास घ्या आणि कृपा करून बोलू नका." मास्क आला. मी मनात म्हटलं, म्हणजे ही शेजारच्या सीटवर बसणारी आहे. मग ठीक आहे. उजवा पाय ताठ झाला होता, तो सैल सोडायला घेतला... सुटला की नाही, ते काही आठवत नाही.

जाग आली. आली म्हणूनच तर तुमच्यापुढे बडबडतोय. गुंगीत पहिलं काय ऐकलं असेल? ही फोनवर मेहुण्याला सांगत होती, "काही नाही रे, किरकोळ होतं." आणि डोळे बघावेत तर लालभडक.

आता डॉक्टरांनी काही आठवडे मला गाडीत बसायला बंदी केलीय. मी घरी. आणि सकाळी कोण बाहेर पडतं? ही! त्या दिवशी स्टिअरिंगसमोर बसली ना, तेव्हापासून म्हणतेय, बरी आहे की जागा. गाडी शिकतेय. मी गॅलरीत उभा राहतो, चहा निवतो, यायला जरा उशीर झाला की फरशी दाबत बसतो. आणि शिकतेय कुणाकडे? आमच्या समोरच्या त्या दुसऱ्या स्कूलमध्ये! मी म्हटलं, अगं, नवरा अख्ख्या गावाला गाडी शिकवतो, लोक काय म्हणतील? थोडं थांब, टाके सुकले की मीच शिकवतो.

तर म्हणाली, "तुमच्याकडे नको. तुम्ही फार घाबरता."

खोटं असतं, तर भांडलो तरी असतो.