मोठ्या इंजिनाची तेलनळी

मी, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (मोटार कारखाना, इंजिन आराखडा विभाग), राहणार कारखान्यामागील वसाहत, तिसरा मजला. जळालेल्या चाचणीगाडीचा चालक माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदला आहे, म्हणून आपण होऊन ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

आमच्या विभागाने टर्बो बसवलेली चार सिलिंडरची तीन पेट्रोल इंजिने एकाच घडणीवर आखली: लहान, मधले, मोठे. अशा गटात जितके भाग सामाईक, तितकी आमची पाठ थोपटली जाते. टर्बोला तेल पुरवणारी नळी मी लहान इंजिनासाठी आखली होती. मोठ्याचा टर्बो मोठा, त्यामुळे तीच नळी तिथे तापलेल्या एक्झॉस्टपासून बोटभर अंतरावरून जात होती. मी वेगळी नळी मागितली. मुख्य अभियंता म्हणाले, तिन्हींना एकच बसली पाहिजे. मी हुज्जत घातली नाही, सही केली. त्या वर्षी मला बढती मिळाली.

गेल्या रविवारी भाऊ माझ्याकडे जेवायला आला होता. त्याच्या चाचणीगाडीत मोठे इंजिन आहे; चढ संपला की जळक्या तेलाचा वास येतो, असे त्याने सांगितले. चालकाने असा वास नोंदवहीत लिहायचा असतो. लिहिला की गाडी जागची हलत नाही आणि आराखड्यावर ज्याची सही, त्याची चौकशी लागते. तो म्हणाला, "ताई, सही तुझी आहे. मी लिहीत नाही, तू गुपचूप बदलून टाक."

मी म्हणाले, "तू गाडी चालव, मला इंजिन शिकवू नकोस."

सोमवारी मी तो आराखडा उघडला आणि मिटला. मंगळवारी सकाळी सव्वाअकराला नळी तडकली, तेल एक्झॉस्टवर सांडले, गाडी पेटली. भाऊ इस्पितळात आहे, त्याला बोलता येत नाही. काल मुख्य अभियंता घरी आले. चढानंतर भाऊ इंजिन थंड होऊ न देता बंद करायचा, म्हणून नळी तडकली, एवढेच सांगा, म्हणाले. नोंदवहीत तक्रार नाही, तुम्हालाही काही होणार नाही. आजवर या माणसाच्या होला हो केले, याची मला किळस येते.

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात सलग पाच दिवस 'काही नाही' असे लिहिले आहे. अक्षर भावाचे आहे. ते खोटे त्याने माझ्यासाठी लिहिले. त्याच्यावरचा गुन्हा काढून माझ्यावर लावावा.

जबाब मला वाचून दाखवला. माझ्या सहीच्या उल्लेखापुढे हवालदारांनी कीव येऊन 'अनवधानाने' असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.